टीमची उद्दिष्टं सॉफ्टवेअरमध्ये मोजा, पण पगारवाढीला जोडू नका

हिंजवडी_फेज२
गेल्या तिमाहीत आमच्या टीमचं उद्दिष्ट होतं ‘ग्राहकाचा त्रास कमी करणे’. मोजायचं काय, तर बंद झालेली तिकिटं (सॉफ्टवेअरमध्ये नोंदवलेली छोटी-छोटी कामं), कारण तो आकडा सॉफ्टवेअरच्या बोर्डावर आपोआप दिसतो. ओटीपी उशिरा येतो, ही खरं तर एकच तक्रार. तिची चार तिकिटं झाली: स्क्रीन, सर्व्हर, लॉग, टेस्टिंग. चारही ‘डन’मध्ये गेली, आलेख हिरवा झाला. सपोर्टला बसणाऱ्या मुलीचा फोन मात्र ओटीपीसाठी तितकाच वाजत होता. एसएमएस पाठवणाऱ्या गेटवेकडे मेसेज तुंबत होते आणि तिकडे बघणं कुणाच्याच तिकिटात नव्हतं.

आमची पोरं कामचुकार नाहीत हो. आकड्यावर अप्रेझल ठरणार म्हटल्यावर माणूस आकडाच सांभाळतो. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनधोरणाबाबत हेच मांडलं होतं. म्हणून हे आकडे पगारवाढीपासून तोडा, असं माझं ठाम मत आहे.

भोसरी_एमआयडीसी
नाही पटलं. तुम्ही काम मोजलंत, परिणाम मोजलाच नाहीत. इंटेलमध्ये अँडी ग्रोव्ह यांनी १९७० च्या दशकात ओकेआर (उद्दिष्टं आणि ठळक परिणाम) ही पद्धत बसवली आणि गुंतवणूकदार जॉन डोअर यांनी ती १९९९ मध्ये गूगलमध्ये नेली. उद्दिष्ट वेगळं आणि ते गाठलं हे दाखवणारे मोजके परिणाम वेगळे, हाच तिचा गाभा. ‘ओटीपीचे फोन निम्म्यावर’ हा परिणाम झाला. ‘चार तिकिटं बंद’ ही हमाली. आमच्या मशिन शॉपमध्ये किती जॉब काढले एवढंच लिहायचो, तेव्हा रिजेक्शनचा, म्हणजे नापास मालाचा, ढीग कोपऱ्यात पडून असायचा. रिजेक्शन तासातासाला फळ्यावर लिहायला लागलो, तर आठवड्यात कळलं की तिसऱ्या शिफ्टला टूल वेळेवर बदललं जात नाही. आकडा नसता तर आजही ऑपरेटरलाच बोल लावत बसलो असतो.

वाकडची_आई
मी बोर्डाच्या बाजूने आहे आणि मनापासून आहे. पाळणाघर साडेसहाला बंद होतं, म्हणून मी साडेपाचला निघते. पूर्वी रात्री नऊपर्यंत थांबणारा तो मेहनती, आणि मी ‘लवकर जाणारी’. बोर्ड आला आणि दोन रिलीजमधले सगळ्यात किचकट बग कुणी सोडवले ते सगळ्यांना दिसलं. हिंजवडीकर, आकडे पगारवाढीपासून तोडायचे म्हणता, मग पगारवाढ ठरणार कशावर? साहेबांच्या मर्जीवर? ती मर्जी मी सहा वर्षं बघितली आहे.

हिंजवडी_फेज२
ताई, तुमचा मुद्दा लागला. तुमचं काम दिसलंच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. पण गूगलमध्येसुद्धा महत्त्वाकांक्षी उद्दिष्टाला एकपैकी ०.७ गुण चांगले मानतात. आमच्याकडे ०.७ म्हणजे ‘कमी पडलात’. मग कोण अवघड उद्दिष्ट घेईल? सगळे हमखास जमणारंच लिहितात. तुम्ही घेतलेत तसे किचकट बग पुढच्या वर्षी कुणी हातात धरणार नाही, ही माझी भीती आहे.

वाकडची_आई
भीती खरी आहे. पण मग बगचा किचकटपणाही बोर्डावर नोंदवा. आकडाच काढून टाकलात तर पहिला फटका माझ्यासारखीला बसतो. यावर मी मागे हटणार नाही.

भोसरी_एमआयडीसी
ताईंशी सहमत. आणि स्टोरी पॉइंट (काम किती मोठं, किती अवघड याचे अंदाजे गुण) लावून दोन टीमची तुलना करू नका, तो त्या-त्या टीमचा आपापसातला अंदाज असतो.

हिंजवडी_फेज२
पगारवाढीबद्दल माझं मत अजून तेच आहे. मात्र पुढच्या तिमाहीत तिकिटांचा आकडा काढून सपोर्टचे रोजचे फोन घेतो. भोसरीकर, एक सांगा, फळ्यावर रिजेक्शन कोण लिहितं? सुपरवायझर?

भोसरी_एमआयडीसी
ऑपरेटर स्वतः. सुपरवायझर खाली सही करतो. सुरुवातीला उलटं होतं, तेव्हा खरा आकडा कधीच आला नाही. तुमच्याकडे तो फोनचा आकडा त्या सपोर्टच्या मुलीलाच भरू द्या.