पालिकेच्या कोणत्या खात्यानं काय काम केलं, हे एका जागी कुठं कळेल?

गिरणीवाली (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मांजरा खोऱ्यातल्या एका तालुक्याच्या गावात माझी पिठाची गिरणी आहे. गावाचं नाव लिहीत नाही. पालिका क वर्गाची, म्हणजे लोकसंख्या ४० हजारांच्या आतली. चारेक वर्षं प्रशासक होता, डिसेंबर २०२५ मध्ये निवडणूक झाली आणि आता प्रभागाला नगरसेवक आहे. त्यांनी परवा गल्लीत येऊन विचारलं, "वर्षभरात इथं काय काय कामं झाली, लिहून द्या, मी सभेत मांडतो." काम मला आवडलं म्हणून वही घेऊन बसले. बसल्यावर लक्षात आलं की काम झालेलं दिसतं, पण कोणत्या खात्यानं, कोणत्या पैशातून, कधी केलं ते गल्लीत एकालाही माहीत नाही.

सगळ्यात आधी रस्ता. पाडव्याच्या आधी आमच्या गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला. बांधकाम विभागाचं काम, आणि चांगलं झालं. वर बारदान अंथरून पाणी मारायचं होतं, पण टँकर दोनच दिवस आला. मग आम्ही बायकांनी वाटून घेतलं. सकाळचं पाणी समोरच्या घरच्या दोघी जावा मारायच्या, संध्याकाळचं मी. गिरणी बंद केली की बोअरचा पाइप ओढत पार पिंपळाच्या पारापर्यंत जायची. १४ दिवस एक दिवस चुकला नाही. लेकरांना सायकली फिरवू दिल्या नाहीत, एका भाऊंचा ट्रॅक्टर दारातून परत पाठवला.

अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रेकर आला. पाणीपुरवठा विभागाची नवी पाइपलाइन. रस्त्याच्या एका अंगानं हातभर रुंदीची चर, पारापासून पार नालीपर्यंत. पहिला घाव पडला तेव्हा समोरची थोरली जाऊ ओट्यावर उभी होती, ती आत निघून गेली, दिवसभर बाहेर आली नाही.

आता धुरळा एवढा की गिरणीच्या दाराला ओली चादर बांधून दळते. ज्वारीच्या पिठात कचकच आली तर गिऱ्हाईक मलाच बोलणार, आणि बोलायलाच पाहिजे, भाकरी त्यांच्या ताटात जाते. म्हाताऱ्या बायकांना डबा घेऊन चर ओलांडता येत नाही, तर मी जाऊन डबे आणते.

बाकीचं थोडक्यात. स्वच्छतेवाल्यांची नवी घंटागाडी येते, ओल्या-सुक्याचे वेगळे कप्पे आहेत, ताई आवाज देते, वेळेवर येते. डेपोवरचा जुना ढीग यंत्रानं चाळायलेत. विजेवाल्यांनी एलईडी दिवे लावले. कर विभागाची नवीन आकारणीची नोटीस आलीय, गिरणी धरून. जन्माच्या दाखल्याला नातवासाठी गेले होते, दोन दिवसांत मिळाला.

माझे दोन प्रश्न. हे सगळं एका जागी कुठं पाहायला मिळेल? आणि एकाच इमारतीत बसणारी दोन खाती एकमेकांना विचारत का नाहीत? पाइप आधी आणि रस्ता नंतर, हे मला कळतं, मी दहावी नापास आहे.

---

सिव्हिल_नांदेड

ताई, मी दुसऱ्या एका नगरपरिषदेत अभियंता आहे. तुमचा दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण तो आम्हालाही सलतो.

रस्त्याचे पैसे आणि पाइपचे पैसे वेगवेगळ्या दारांनी येतात. तुमचा रस्ता बहुधा १५ व्या वित्त आयोगातला (केंद्राकडून येणारा निधी) किंवा नगरोत्थानमधला (राज्याची योजना) असेल. वित्त आयोगाची मुदत मार्च २०२६ ला संपत होती, म्हणून सगळीकडे कामं उरकायची घाई होती. पाइपलाइन बहुतेक अमृत २.० मधली, म्हणजे शहरांच्या पाण्यासाठीच्या केंद्राच्या योजनेतली. ती योजना ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाली, १ लाखाच्या आतल्या शहरांना त्यात निम्मा वाटा केंद्राचा असतो. पण तिचा आराखडा, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यादेश (ठेकेदाराला काम सुरू करायचा लेखी हुकूम) हे सगळं होईतो काळ जातो. रस्त्याची फाइल छोटी, ती पुढं पळते. पाइपची जाडजूड, ती मागून येते. मार्च तोंडावर आला की रस्ता थांबवायची हिंमत कोणी करत नाही, कारण पैसा परत गेला तर सभागृहात तोंड द्यावं लागतं. मी हे समर्थन म्हणून सांगत नाही. रस्त्याच्या फाइलवर पाणीपुरवठ्याचा "खाली काम प्रस्तावित नाही" असा शेरा घेतल्याशिवाय कार्यादेश निघू नये, एवढी एक सही पुरते. आमच्याकडं एका मुख्याधिकाऱ्यांनी ती सक्तीची केली होती. ते होते तोवर नवा रस्ता एकदाही फुटला नाही.

आता पहिला प्रश्न. सगळं एका जागी नसतं, पण पालिकेत मिळतं. माहिती अधिकाराचा अर्ज करता येतोच, १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, ३० दिवस. त्याआधी एक सोपी वाट करून बघा. राज्य शासनाचं २०१८ चं परिपत्रक आहे, दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहायला द्यायचे, आणि स्थानिक स्वराज्य संस्था त्यात येतात. जाऊन तीन गोष्टी मागा: तुमच्या प्रभागातल्या कामांचे कार्यादेश, अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तक. आम्ही त्याला एमबी म्हणतो. बिल निघतं ते एमबीवरच्या नोंदीवर. लांबी, रुंदी, जाडी, तारीख आणि मोजणाऱ्याची सही, सगळं त्यात असतं. दोष दुरुस्तीचा कालावधी, म्हणजे बिघाड ठेकेदारानंच दुरुस्त करून द्यायची मुदत, किती हेही विचारा. तो चालू असताना रस्ता कापला असेल, तर आता त्या पट्ट्याची जबाबदारी कोणत्या ठेकेदाराची, हे लेखी घ्या. नाहीतर खचल्यावर दोघंही एकमेकांकडं बोट दाखवतील.

---

व्हॉल्व्हमन, निवृत्त

ताई, राम राम. मी ३१ वर्षं पाणीपुरवठ्यात होतो, शेवटची २० वर्षं व्हॉल्व्हवर. चावी खांद्यावर टाकून पहाटे ३ ला निघायचं, एक गल्ली सोडायची, दुसरी बंद करायची. तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही, म्हणून लिहायला बसलो. टाईप नातू करायलाय.

रस्ता फुटला त्याचं दुःख खरं आहे, पण ती लाइन बदलणंही गरजेचं होतं, हे ध्यानात घ्या. जुन्या गावातली लाइन बिडाची आहे. तिचे सांधे तागाचा पीळ ठोकून वर शिसं ओतून केलेले. वरून जड गाड्या जाऊन जाऊन ते सांधे ढिले होतात. आठ-आठ दिवसांनी पाणी सुटणाऱ्या गावात खरा धोका पाणी चालू असताना नसतो, बंद झाल्यावर असतो. व्हॉल्व्ह बंद केला की उताराकडं पाणी वाहून जातं आणि वरच्या अंगाला पाइप आत ओढ घेतो. सांधा नालीशेजारी असला तर नालीतलं ओढतो. पुढच्या पाळीला पहिली दहा मिनिटं गढूळ, वासाचं पाणी येतं ते यामुळं. बायकांना मी नेहमी सांगायचो, पहिलं पाणी हौदात घेऊ नका, अंगणात सोडा. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, तेव्हापासून एक घागरही सोडायला जीव धजत नाही, मला माहीत आहे. तरी सोडा.

पाणी आलं की शेवटच्या टोकाच्या नळाचं पाणी बाटलीत घेऊन ओटीचे (क्लोरीन तपासायच्या औषधाचे) थेंब टाकून बघायला सांगा. बाटलीतल्या पाण्याला पिवळी झाक आली तर क्लोरीन आहे. टाकीजवळ सगळेच बघतात, तिथं येणारच. शेवटच्या घरात क्लोरीन ०.२ पीपीएम (लिटरमागं ०.२ मिलिग्रॅम) तरी भरायला पाहिजे. तुमच्या गल्लीत नालीकडचं शेवटचं घर ज्यांचं आहे त्यांच्या दारात उभं राहून करून घ्या.

आता खरं सांगायचं ते. तुमच्या पारापाशी जुना व्हॉल्व्ह असेल, आणि बहुतेक त्याचा चेंबर नव्या सिमेंटखाली गेला असेल. हे सगळीकडं होतं. रस्तावाल्यांना झाकण आडवं येतं, ते बुजवून सपाट करतात. नकाशा कुठंच नसतो, तो आमच्या डोक्यात असतो. मी निवृत्त झालो तेव्हा गावातल्या ६० च्या वर व्हॉल्व्हच्या जागा मला तोंडपाठ होत्या: कडुलिंबापासून चार पावलं, मशिदीच्या कोपऱ्यापासून दहा. लिहून घ्या म्हणून मी दोनदा गेलो. घेतो म्हणाले. माझ्यामागून आलेल्या पोराला आता एक व्हॉल्व्ह शोधायला तीन ठिकाणी रस्ता फोडावा लागतो.

म्हणून चर बुजायच्या आत एवढं करा. नव्या लाइनवर जिथं जिथं व्हॉल्व्ह बसतोय तिथं फोटो घ्या, आणि न हलणाऱ्या दोन जागांपासून टेपनं अंतर मोजून ठेवा. एका जागेवरून मोजलं तर चुकतं, दोन पाहिजेत. प्रत्येक घराची जोडणी आत्ताच आडवी काढून घ्यायला लावा, नाहीतर पुन्हा एकेका घरासाठी रस्ता फुटंल. आणि चर भरताना माती एकदम ओतू देऊ नका. वीतभर थर, पाणी, धुम्मसनं ठोकणं, मग पुढचा थर. ओतून वर सिमेंट मारलं तर मृगाच्या पहिल्या पावसात बसतंय, आणि त्या खड्ड्यात तुमच्या गिऱ्हाइकाचा डबा सांडतोय.

तुमचं गाव माझ्या गावापासून लांब नसावं. पाराचा फोटो टाका, पाहतो.

---

कंपोस्टवाली

गिरणीवाली ताई, आकारणीच्या नोटिशीचं विसरू नका. चार वर्षांनी होणारी ही फेरआकारणी आहे, हरकत घ्यायची मुदत नोटिशीतच लिहिलेली असते. ती गेली तर पुढं तोच आकडा चालतो. गिरणीचं क्षेत्र आणि राहतं घर वेगळं दाखवलंय का ते बघा. माझ्या आईच्या नोटिशीत ओटासुद्धा दुकानात धरला होता, हरकत दिल्यावर निघाला.

डेपोबद्दल एवढंच, की ढीग चाळायलेत त्याच्याइतकंच तुमच्या घंटागाडीतला ओला कचरा पुढं कुठं जातो हे विचारा. दोन कप्प्यांत वेगळा घेऊन डेपोवर एकत्र टाकला, तर तुमच्या गाडीवाल्या ताईचे कष्ट वाया गेले. खत होत असलं तर "हरित महासिटी कंपोस्ट" या राज्याच्या नावानं विकायची परवानगी घेतलीय का, तेही विचारा.

---

गिरणीवाली

सगळ्यांचे आभार. सोमवारी ३ ला गेले. सोबत समोरची थोरली जाऊ आली, जी त्या दिवशी आत जाऊन बसली होती. आधी म्हणाले साहेब नाहीत. मी म्हटलं, साहेब नकोत, रस्त्याचं मोजमाप पुस्तक पाहिजे, आज सोमवार आहे. थोडा वेळ बसवलं, मग दिलं. देणारा पोरगा चांगला होता, बसायला खुर्ची आणून दिली, कोणता आकडा कशाचा ते सांगितलं.

आमच्या गल्लीचं पान निळ्या शाईनं लिहिलेलं होतं. जाडी १५ सेंटिमीटर. मी घरून निघायच्या आधी चरीच्या कापलेल्या कडेला पट्टी लावून सहा ठिकाणी मोजून आले होते. सहाही ठिकाणी १५ भरली, नालीजवळ तर थोडी जास्तच. म्हणजे ठेकेदारानं रस्ता नीट केला, आम्ही पाणी नीट मारलं, पुस्तकातही खरं लिहिलं. ते पान वाचताना जाऊबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग पाइपलाइनचा कार्यादेश मागितला. त्याची तारीख रस्त्याच्या कार्यादेशाच्या तीन आठवडे आधीची आहे. म्हणजे रस्त्याची सही झाली तेव्हा पाइप येणार हे कागदावर ठरलेलं होतं. दोन्ही फाइली एकाच भिंतीच्या दोन कपाटांत. सिव्हिल दादांनी सांगितलेल्या शेऱ्याची मागणी मी अर्जात लिहून पोच घेतली, नगरसेवकांनाही एक प्रत दिली. ते म्हणाले, पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यायला सांगतो. कापलेल्या पट्ट्याची जबाबदारी कोणाची, त्याचं उत्तर लेखी मागितलंय, अजून आलं नाही. आकारणीवर हरकत दिली. कचऱ्याचं विचारायचं राहिलं.

व्हॉल्व्हमन काका, तुमचं खरं निघालं. जुना व्हॉल्व्ह सिमेंटखाली गेलाय, पारापासून किती लांब ते कोणालाच सांगता येईना. नवीन व्हॉल्व्हचं मात्र तुम्ही सांगितलं तसं केलं. गवंडीकाम करणाऱ्या पोरानं टेप धरली, मी लिहिलं. पाराच्या पूर्वेच्या पायरीपासून १८ फूट ४ इंच, माझ्या गिरणीच्या उजव्या खांबापासून २६ फूट. वही हरवते म्हणून तैलरंगानं गिरणीच्या भिंतीवरच लिहून घेतलं, ज्वारी-गव्हाच्या दळणाचा दर लिहिलाय त्याच्या खाली.

चर अजून उघडी आहे, गुरुवारी भरणार म्हणायलेत. पाराचा फोटो टाकलाय. काका, बुधवारपर्यंत यायला जमलं तर या, चावी घेऊन या. जेवण आमच्याकडं.