१८५६ चा ‘उडता गरुड’ सेंट: नमुना की चलनी नाणे?

प्रश्न
अमेरिकेच्या १८५६ च्या ‘उडता गरुड’ सेंटची नोंद काही सूचींमध्ये नमुना नाणे (चलनात आणण्याआधी रचना तपासण्यासाठी पाडलेले नाणे) म्हणून आढळते, तर बहुतेक संग्राहक त्याला छोट्या सेंटच्या मालिकेतले पहिले नाणे मानतात. यांपैकी योग्य काय? शिवाय इतका देखणा गरुड १८५८ नंतर लगेच का काढला, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १
काटेकोरपणे पाहता ते नमुना नाणेच आहे. छोट्या सेंटला मान्यता देणारा कायदा २१ फेब्रुवारी १८५७ रोजी झाला. तोपर्यंत सेंट म्हणजे १०.८९ ग्रॅमचे तांब्याचे मोठे नाणे होते आणि तांबे महागल्यामुळे ते पाडणे परवडेनासे झाले होते. १८५० मध्ये फिलाडेल्फियाच्या टांकसाळीने थोडी चांदी मिसळलेली, मधोमध भोक असलेली नाणीही करून पाहिली, पण ती सोयीची ठरली नाहीत. अखेर ८८ टक्के तांबे व १२ टक्के निकेल असलेले ४.६७ ग्रॅमचे नाणे ठरले. १८५६ सालचे शेकडो नमुने काँग्रेसच्या सदस्यांना व इतर मान्यवरांना दाखवण्यासाठी दिले गेले आणि संग्राहकांची मागणी वाढल्यावर त्याच सालाची नाणी नंतरही पाडली गेली. नमुना असूनही ते मालिकेत स्थिरावले, ते या मागणीमुळे.

उत्तर २
दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर साच्यात आहे. मुख्य खोदकार जेम्स लाँगेकर यांनी गरुड घेतला तो ख्रिश्चन गोब्रेक्ट यांच्या १८३६ च्या डॉलरवरून. मागील बाजूचा मका, गहू, कापूस व तंबाखू यांचा वेढा मात्र लाँगेकर यांच्याच १८५४ च्या तीन डॉलरच्या सुवर्णनाण्यावरचा. दोन्ही चित्रे स्वतंत्रपणे सुंदर आहेत, पण गरुडाचे डोके व शेपूट नेमके वेढ्याच्या भरीव भागांच्या पाठीशी येतात. चकतीतला धातू एकाच वेळी दोन्हीकडच्या खोलगट जागा भरू शकत नसे, त्यात निकेलमुळे मिश्रधातू कठीण. त्यामुळे डोके आणि शेपूट फिकी उमटत. कलाकृतीत उणे नव्हते, उणे होते दोन बाजूंच्या जुळणीत, असे माझे ठाम मत आहे.

उत्तर ३
वरील मुद्द्याला १८५८ ची नमुना नाणी दुजोरा देतात. त्यांत आकाराने लहान केलेला गरुड आहे आणि पिसांचा मुकुट घातलेले स्वातंत्र्यदेवतेचे मस्तकही आहे; मागे कुठे तोच शेतमालाचा वेढा, कुठे लॉरेलचा, तर कुठे ओकच्या पानांचा. हे मस्तक चकतीच्या मध्यभागी येते, त्यामुळे मागील वेढ्याशी त्याची फारशी टक्कर होत नाही. १८५९ मध्ये हेच मस्तक लॉरेलच्या वेढ्यासह चलनात आले. पुढच्याच वर्षी लॉरेल जाऊन ओकचा वेढा व वर ढाल आली, आणि ही रचनाही आधी १८५९ सालच्या नमुना नाण्यांवर पाडून पाहिलेली होती.