हार्ड डिस्कचे आयुष्य किती धरावे?

अमळनेरहून प्रश्न:
माझी आजी आणि तिच्या जावा यांनी म्हटलेली कानबाईची गाणी व जात्यावरच्या अहिराणी ओव्या मी २०१७ पासून ध्वनिमुद्रित करीत आलो असून, तो सर्व संग्रह एकाच १ टेराबाइटच्या हार्ड डिस्कवर आहे. म्हणणाऱ्यांपैकी दोघी आता हयात नाहीत. आठवडाभरापासून काही फाइली उघडताना डिस्क बराच वेळ अडते. अशी डिस्क किती वर्षे टिकते आणि कशाने झिजते? आमच्याकडचा उन्हाळा आणि वारंवार जाणारी वीज यांचा हा परिणाम असेल का?

भुसावळहून उत्तर:
भाऊ, कारणे शोधण्याआधी संग्रहाची नक्कल दुसऱ्या डिस्कवर काढा, आणि जी गाणी दुसरीकडे कुठेच नाहीत ती आधी घ्या. तोवर दुरुस्तीची कोणतीही आज्ञावली चालवू नका, कारण थकलेल्या डिस्कवर तो भार जड जातो.

आयुष्याचा ठरावीक आकडा नसतो. गूगलने २००७ मध्ये आपल्या १ लाखाहून अधिक डिस्कची पाहणी प्रसिद्ध केली, तीत पहिल्या वर्षात सुमारे १.७ टक्के, तर तीन वर्षांच्या डिस्कपैकी ८.६ टक्के वर्षभरात निकामी झालेल्या आढळल्या. तापमानाचा संबंध मात्र समजुतीपेक्षा कमी निघाला. अति उष्णतेचा त्रास मुख्यतः जुन्या डिस्कना झाला. तरीही मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत डिस्क तासन्तास चालू ठेवू नये, असे माझे मत आहे.

आत तबकडी मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते आणि वाचणारे हेड तिच्यावरून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगते. त्यामुळे चालू डिस्कला बसलेला धक्का सर्वांत घातक. वीज गेली की डिस्क फिरत्या तबकडीच्याच ऊर्जेवर हेड बाजूला नेते, पण अर्धवट लिहिलेली फाइल बिघडू शकते.

धुळ्याहून उत्तर:
वरील उत्तराला एक जोड देतो. क्रिस्टलडिस्कइन्फो या आज्ञावलीत डिस्कची स्मार्ट नोंद, म्हणजे डिस्कने स्वतःच्या प्रकृतीची ठेवलेली नोंद, पाहता येते. तिथे बदललेल्या (खराब झाल्याने राखीव जागेवर हलवलेल्या) आणि प्रलंबित (वाचताना अडणाऱ्या) सेक्टरांचे, म्हणजे तबकडीवरील छोट्या भागांचे, आकडे शून्य नसतील, तर त्या डिस्कवर विसंबू नये. गूगलच्या त्याच पाहणीत, डिस्क स्वतःच्या तबकडीची जी तपासणी करते तीत पहिली चूक दिसलेल्या डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता इतरांच्या ३९ पट आढळली होती. उलट, बंद पडलेल्या अनेक डिस्कनी आधी काहीच इशारा दिला नव्हता, म्हणून आकडे शून्य असले तरी निर्धास्त राहू नका. नक्कल एसएसडीवर (फिरत्या तबकडीऐवजी चिपमध्ये साठवणाऱ्या डिस्कवर) काढून ती वर्षानुवर्षे कपाटात ठेवण्याचा विचार असेल तर तोही टाळा, कारण विजेविना तिच्यातील विद्युतभार हळूहळू ओसरतो.

अमळनेरहून:
आपणा दोघांचे आभार. प्रलंबित सेक्टर १६ दिसले. रात्री नक्कल पूर्ण झाली. तीन फाइली उघडत नाहीत, पण त्यांतील दोन गाणी धाकट्या काकूंना अजून पाठ आहेत, ती या रविवारी पुन्हा मुद्रित करणार आहे. दुसरी प्रत चाळीसगावच्या बहिणीकडे ठेवायला देत आहे.