विखुरलेल्या जमिनींचं एकत्रीकरण पुन्हा राबवावं का?

शिवारकर: आमची तीन एकर जमीन, तीही चार ठिकाणी. सगळ्यात लहान तुकडा अकरा गुंठ्यांचा. तिथे ट्रॅक्टर वळवायला जागा नाही. वळवला की शेजाऱ्याची तूर मोडते आणि बांधावर भांडण ठरलेलं. विहीर एकीकडे, पाईपलाइन न्यायची तर तिघांच्या रानातून. महाराष्ट्रात एका खातेदाराकडची सरासरी जमीन (धारणक्षेत्र) 1970-71 मध्ये 4.28 हेक्टर होतं, 2015-16 च्या कृषी गणनेत 1.34 वर आलं. पंजाब-हरियाणात चकबंदी, म्हणजे असंच एकत्रीकरण, झालं, शेतापर्यंत रस्ते गेले. आपल्याकडेही गावोगाव एकत्रीकरण करा. सक्ती करावी लागली तरी करा.

जिरायती: सक्तीचं फळ आम्ही अजून भोगतोय. 1947 च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याखाली गावात योजना आली, सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आजोबांची ओढ्याकाठची काळी जमीन कागदावर दुसऱ्याच्या नावे गेली, माळाची मुरमाड आमच्या नावे आली. ताबा कोणीच सोडला नाही. आज काळी आम्ही कसतो, पण तिच्यावर पीककर्ज मिळत नाही, कारण सातबारा त्याचा. शिवाय दोन जातीच्या जमिनी असणं हा आधार असतो. अतिपावसात काळी चिबडते, तेव्हा माळावरची बाजरीच घर चालवते.

शिवारकर: काळी-मुरमाडीचं पटलं. पण मग जमिनीची प्रत नीट ठरवून, विहीर-झाडांची किंमत धरून वाटणी करा ना. एकदा चुकलं म्हणून पोरांनीही चार ठिकाणी धावायचं का?

माहेरवाशीण: तुकडे नकोत म्हणणाऱ्या घरात पहिली सही बहिणीची मागतात, आपला हिस्सा सोडल्याच्या हक्कसोडपत्रावर. मला तेच सांगितलं होतं, "तू घेतलंस तर वावराचे तुकडे होतील." मी सही केली नाही. 2005 पासून मुलीचा हिस्सा मुलाइतकाच आहे. जमीन एकत्र कसा, माझं काही म्हणणं नाही; सातबाऱ्यावर नाव मात्र माझंही राहील.

जिरायती: ताई, तुमचं बरोबर आहे. आमच्याही घरात आत्याची सही अशीच घेतली होती.

पाणंद: 2023 मध्ये आलेली सलोखा योजना पाहा. एकाच गावात दोघांचा ताबा एकमेकांच्या जमिनीवर बारा वर्षांपासून असेल, तर हजार रुपये मुद्रांक शुल्क आणि हजार नोंदणी फी भरून अदलाबदल दस्त होतो. जिरायती, तुमची गाठ सुटेल ती अशीच, पण समोरचा राजी हवा. माझी मागणी पुढची आहे. आज राजीखुशीनं नव्यानं अदलाबदल करणाऱ्याला ही सवलत नाही. ती द्या, सक्ती लागणार नाही.

शिवारकर: ही सवलत असती तर उद्याच शेजाऱ्याकडे गेलो असतो. त्याचे नऊ गुंठे आमच्या विहिरीला लागून आहेत, आमचे अकरा त्याच्या गोठ्यामागे. दोन गुंठे जास्त गेले तरी चालतील मला. सक्तीचा शब्द मागे घेतो.

जिरायती: आमचा समोरचा बोलतच नाही. तीन पिढ्या झाल्या. त्याच्या मुलाला भेटून बघतो.