ऑफिस स्टाफचं ट्रेनिंग: मुख्यालयाच्या स्लाइड्स वापरू की आपलं काही बनवू?

पंचगंगाकाठ:
नमस्कार मंडळी. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका जर्मन इंजिनिअरिंग कंपनीच्या एचआरमध्ये आहे. शॉपफ्लोअरच्या ट्रेनिंगचं आमच्याकडं बरं चाललंय. सेफ्टी, मापाची गेज, फाइव्ह एस म्हणजे कामाच्या जागेची शिस्त-स्वच्छता, सगळं ठरलेलं. अडलंय ते ऑफिसवाल्यांचं. परचेस, स्टोअर्स, अकाउंट्स, डिस्पॅच मिळून चाळीसेक जण. मुख्यालयानं 'इफेक्टिव्ह कम्युनिकेशन'च्या दोन दिवस पुरतील एवढ्या स्लाइड्स धाडल्यात, पुण्याहून ट्रेनर आणायला बजेटही मंजूर आहे. पण त्यातली उदाहरणं सगळी तिकडची. आमच्याकडं शिवाजी विद्यापीठातून परवा बी.कॉम. झालेली पोरं आहेत आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरात हातानं चलन लिहीत वर आलेली पन्नाशीची माणसंही. सगळ्यांना एका हॉलमध्ये कोंबलं की निम्मे माना डोलावणार, निम्मे मोबाइल बघणार आणि जाताना सगळेच 'एक्सलंट'वर टिक करणार. ऑडिटला तर काहीतरी दाखवावं लागतंयच. कुणी असं ट्रेनिंग पहिल्यापासून उभं केलंय का? सुरुवात कुठनं करायची?

आवक_जावक:
मॅडम, स्लाइड्स सध्या बाजूला ठेवा. स्टोअर्स-परचेसमध्ये आयुष्य गेलंय आणि आता नव्या पोरांना शिकवतो, म्हणून हक्कानं सांगतो. अकाउंट्समध्ये जावा आणि गेल्या महिन्यात अडकलेल्या बिलांचा गठ्ठा मागा. पीओ (खरेदीची ऑर्डर), जीआरएन (माल मिळाल्याची स्टोअर्सची नोंद) आणि बिल या तिघांचा मेळ बसला नाही म्हणून सिस्टीमनं पेमेंट अडवलेली बिलं. प्रत्येकावर पेन्सिलनं कारण लिहा. विषयांची यादी तिथंच तयार होते.

आपल्याकडचं नेहमीचं बघा. फाउंड्रीवाला कास्टिंगचं बिल किलोवर करतो. पीओ निघालेली असते नगावर. गेटवर वजनकाट्याची चिठ्ठी लागते, स्टोअर्सवाला नग मोजून जीआरएन करतो आणि बिल अडकतं. मग शिरोलीचा फाउंड्रीवाला परचेसला फोन लावतो, परचेसवाला स्टोअर्सवर तोंड टाकतो, स्टोअर्सवाला म्हणतो माझी मोजणी बरोबर आहे. आणि तिघंही खरंच बोलत असतात की ओ! इथं ती कम्युनिकेशनची स्लाइड काय करणार? तिघांना एका टेबलाशी बसवा, एकच बिल समोर ठेवा, आणि आपल्या स्क्रीनवर काय दिसतं ते ज्यानं त्यानं बाकीच्यांना दाखवायचं. तास-दीड तास पुरे.

दुसरं प्रकरण जॉबवर्कचं घ्या. मशीनिंगला बाहेर गेलेला माल वर्षाच्या आत परत आला नाही आणि मुदतवाढही नसली, तर जीएसटी कायदा तो पाठवल्या दिवशीच विकला असं धरतो. चलन करणाऱ्या पोराला हे कुणी सांगितलेलंच नसतं. त्याच्या लेखी तारीख म्हणजे भरायचा एक रकाना.

पन्नाशीच्या माणसांना शिकाऊ म्हणून बसवू नका, अपमान वाटतो. अडकलेलं बिल कसं सोडवायचं हे त्यांना तोंडपाठ असतंय. त्यांनी सांगायचं, पोरांनी स्क्रीनवर करायचं.

ऑडिटसाठी आयएसओ 9001 या क्वालिटीच्या स्टँडर्डचं 7.2 कलम नीट वाचा. नुसता हजेरीपट चालत नाही, ट्रेनिंगचा परिणाम झाला का ते तपासायला सांगितलंय. ट्रेनिंग कसं जोखायचं याच्या चार पायऱ्या कर्कपॅट्रिक या अमेरिकन प्राध्यापकानं 1959 मध्ये मांडल्या: आवडलं का, समजलं का, कामात उतरलं का, कंपनीला फरक पडला का. आपल्या बऱ्याच कंपन्या पहिल्या पायरीवर चहा-बिस्किट खाऊन परत येतात. अडकलेल्या बिलांचा आकडा आज लिहून ठेवा, तीन महिन्यांनी परत काढा.

खातेवही:
वरचं सगळं मान्य, फक्त तारखा बघून घ्या ताई. पहिला आठवडा महिन्याच्या हिशेबाच्या क्लोजिंगचा, 11 ला जीएसटीआर-1 आणि 20 ला 3बी ही जीएसटीची रिटर्न भरायची, आणि शेवटचा आठवडा डिस्पॅचवाले जेवायलाही उठत नाहीत. राहिले 12 ते 18. सोमवारची सुट्टी असेल तर मंगळवारही सोडा. सोमवारी जर्मनी चालू असते, मेल तुंबलेले असतात. दोन दिवस सलग तर विचारूच नका.

साडेबाराची_मीटिंग:
आवक_जावक दादांशी थोडं भांडतो. कम्युनिकेशन एकदम मोडीत काढू नका. रोज तिकडच्या लोकांशी कॉल असतो माझा. तिकडं सकाळचे आठ वाजले की हिवाळ्यात आपले साडेबारा, उन्हाळ्यात साडेअकरा. आमच्या पोरांना मेल लिहायला येतो, इंग्रजी समजतंही. अडतं कुठं, तर समोरच्यानं तारीख विचारली की 'येस, येस' म्हणून मोकळं होतात. माल त्या तारखेला जाणार नाही हे माहीत असतंय, पण साहेबाला नाही कसं म्हणायचं! तिकडच्या माणसानं 'येस' लिहून घेतलेलं असतं, पुढचं सगळं त्यावर लागतं. याचा सराव आधी मराठीतनं घ्या: एकानं जर्मन साहेब व्हायचं, दुसऱ्यानं 'ही तारीख जमणार नाही, अमुक दिवशी जमेल, कारण हे' असं सांगायचं. ते जमलं की तेच इंग्रजीत. चार-पाच वाक्यं पुरतात, व्याकरण नंतर.

आवक_जावक:
हे मात्र बरोबर बोललासा. मागं घेतो.

पंचगंगाकाठ:
सगळ्यांचे आभार. अकाउंट्समधनं गठ्ठा मागितलाय. त्यांनी आधी संशयानंच बघितलं, चौकशी लागली की काय म्हणून! सहा-सहा जणांचे गट करते, प्रत्येकात परचेस, स्टोअर्स, अकाउंट्स, डिस्पॅच मिसळून. कॉलचा सराव वेगळा. एक पेच उरलाय: ट्रेनर नाही बोलावला तर बजेट परत जातंय, आणि पुढच्या वर्षी मागायला गेले की 'गेल्या वर्षी कुठं लागलं?' असं ऐकावं लागणार.

आवक_जावक:
मग बोलवा की. फक्त आदल्या दिवशी या म्हणावं, सकाळभर परचेसच्या टेबलाशेजारी खुर्ची टाकून द्या आणि पेन्सिलनं कारणं लिहिलेली ती बिलं हातात द्या, नावं-रकमा झाकून. नको म्हणाला तर दुसरा बघा. आणि अकाउंट्सवाल्यांना चौकशी नाही म्हणून सांगा आधी, नाहीतर गठ्ठा निम्माच येईल.