मदत हवी आहे: आईला घेऊन म्हैसूर की हैदराबाद?

आई ७४ वर्षांची आहे. दोन्ही गुडघे गेलेत. काठी घेऊन पन्नासेक पावलं चालते, मग बसावंच लागतं. तिला म्हैसूरचा राजवाडा रविवारी संध्याकाळी दिव्यांनी उजळलेला पाहायचाय, कितीतरी वर्षांपासून म्हणतेय. चामुंडी टेकडीवर हजार पायऱ्या असल्या तरी गाडी वरपर्यंत जाते, त्यामुळे ती चिंता नाही. पण राजवाड्यात चपला काढाव्या लागतात आणि ती मऊ तळाच्या चपलेशिवाय उभी राहू शकत नाही. आत व्हीलचेअर मिळते का? मोजे चालतात का?

हैदराबादला गोवळकोंडा सोडूनच द्यावा लागेल. सालारजंग संग्रहालय मात्र निवांत बसत बसत होईल असं वाटतं.

खरी अडचण राहण्याची. मागच्या वेळी हॉटेलवाल्यांनी "कमोड आहे" सांगितलं, पण बाथरूमच्या दाराशी वीतभर उंच पायरी होती. आई चौकट धरून तिथेच थांबली आणि म्हणाली, "राहू दे गं, मी पाणीच कमी पिते." ते अजून मनातून जात नाही.

पुण्याहून चार दिवसांसाठी, डिसेंबरात जायचंय. आई-वडिलांना असं कुणी नेलं असेल तर कृपया सांगा, विशेषतः बाथरूमला पायरी नसलेलं, लिफ्टचं हॉटेल माहीत असेल तर.