अनुभव धागा: शाळेत पुस्तकाबाहेर काय शिकलात?

धागाकर्ती
नमस्कार मंडळी. परवा पालकसभेत कळलं की नववीचे चित्रकला आणि पीटीचे तास आता गणिताला दिलेत. बऱ्याच पालकांना ते आवडलं. मला अजिबात पटलं नाही, मी तसं बोलले पण, तर म्हणे "हे सगळं क्लास लावून करता येतं की". अहो पण क्लास कोणाला परवडतो? ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी शाळेतला तासच काय तो असतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये सहावी ते आठवीला 10 दिवस बिनदप्तराचे सांगितलेत, म्हणजे कागदावर सगळ्यांना पटलंय. तर तुमचे अनुभव लिहा. बक्षिसांची यादी नको, त्या तासाला प्रत्यक्ष काय करायचात आणि पुढे त्याचं काय झालं ते सांगा. वाईट अनुभव असेल तर तोही येऊ दे.

माणदेशी
आमच्या हायस्कूलला पाबळच्या विज्ञान आश्रमाचा मूलभूत तंत्रज्ञानाचा कोर्स होता. डॉ. श्रीनाथ कलबागांनी 1983 साली पाबळला हे काम सुरू केलं, हाताने काम करत शिकायचं हा सगळा पाया. आठवड्यातला एक अख्खा दिवस त्याचाच असायचा, वेल्डिंग, वायरिंग, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य. मुलींनी वेल्डिंग आणि मुलांनी चिक्की करायचीच, त्यात सूट नाही.

मला सगळ्यात लक्षात राहिलंय ते हिमोग्लोबिन तपासणं. काचेच्या नळीत 2 च्या खुणेपर्यंत सौम्य हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड घ्यायचं, बोटाला सुई टोचून पिपेटने 20 च्या खुणेपर्यंत रक्त ओढायचं, मधे हवेचा बुडबुडा आला तर परत ओढायचं, ते अ‍ॅसिडमध्ये सोडून दहा मिनिटं थांबायचं. तपकिरी रंग आला की थेंब थेंब डिस्टिल्ड वॉटर टाकत शेजारच्या काचेच्या रंगाशी जुळवत जायचं, आणि जुळलं की नळीवरचा आकडा वाचायचा. उजेडाकडे धरून बघायला लागतं, नाहीतर रंग फसवतो. मॅडमनी गावातल्या बायकांना बोलावलं होतं, त्यात माझी आईपण आली. बाईला 12 तरी हवं, आईचं 8 च्या आसपास निघालं. ती कित्येक महिने चक्कर येते म्हणायची आणि आम्ही सगळे ऊन लागलं असेल म्हणून सोडून द्यायचो. मॅडमनी तिथूनच प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवलं, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. मी आता बँकेत आहे, रक्ताशी काही संबंध नाही, पण घरात कोणी थकल्यासारखं वाटलं की मी आधी तपासून घेते. आणि रसायनशास्त्रातलं अ‍ॅसिडचं प्रमाण म्हणजे काय ते मला त्या नळीमुळे कळलं, फळ्यावर नाही.

कोरी पाटी
ताई तुमचं वाचून बरं वाटलं. माझा अनुभव वेगळाय. आमच्याकडे अ‍ॅक्टिव्हिटी म्हणजे गॅदरिंग, आणि गॅदरिंग म्हणजे नाच. दरवर्षी त्याच गोऱ्या, उंच मुली पुढच्या रांगेत, वर ड्रेसचं भाडं ज्याचं त्याने भरायचं. आमच्या घरी तेवढे पैसे नसायचे, त्यामुळे मी कायम प्रेक्षकांत. दोन महिने तालमी चालायच्या आणि आम्ही बाकीचे वर्गात बसून स्वाध्याय उतरवायचो. म्हणून मला वाटतं नुसतं "उपक्रम हवेत" म्हणून भागत नाही. निवड करून चार पोरांना मिळणार असेल तर उरलेल्यांना तो उपक्रम नाहीच, उलट आपण कमी आहोत एवढंच ती शिकतात.

धागाकर्ती
कोरी पाटी, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. माणदेशीताईंकडे सगळ्यांना सुई धरायला मिळाली, फरक तिथेच आहे बहुतेक.

फिटरभाऊ
एलिमेंटरी-इंटरमिजिएट, म्हणजे चित्रकलेच्या सरकारी परीक्षा, कोणी दिल्यात का? आमच्या सरांनी सगळ्या वर्गाला बसवलं होतं, ज्यांच्याकडे रंग नव्हते त्यांना शाळेच्या पेटीतले. स्थिरचित्राला पितळी तांब्या, दोन कांदे, मागे सुरकुत्या पाडून ठेवलेलं कापड. सर म्हणायचे तांब्या काढू नका, आधी उजेड कुठून येतोय ते बघा. आम्ही पंधरा मिनिटं नुसतं बघायचो, पेन्सिल खाली. संकल्पचित्र, म्हणजे नक्षी, मला कधी जमलं नाही, पण घनभूमिती आवडायची. पुढे आयटीआयला फिटर ट्रेडला ड्रॉइंग आलं तेव्हा वर्गातली निम्मी पोरं वरून दिसणारा आणि बाजूने दिसणारा आकार यातच अडकली आणि मला ते आधीच दिसत होतं. आज कंपनीत ड्रॉइंग हातात आलं की जॉब डोळ्यासमोर उभा राहतो.

आता इंटरमिजिएटच्या ग्रेडला दहावीत वाढीव गुण आहेत, ए ला 7, बी ला 5, सी ला 3. लोक म्हणतात त्यामुळे चित्रकला टिकली. मला पटत नाही, कारण माझ्या पुतणीला क्लासमध्ये एकच संकल्पचित्र घोटवून घेतलंय, ती परीक्षेत तेच काढून आली. बघायला कोणी शिकवलंच नाही तिला.

निवृत्त बाई
फिटरभाऊ, होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेचंही तसंच होत चाललंय, सहावी आणि नववीची मुलं गठ्ठ्याने प्रश्न सोडवतात. पण लेखी आणि प्रात्यक्षिकानंतर जो कृती प्रकल्प असतो ना, तो खरा. माझ्या एका विद्यार्थिनीने चाळीतल्या गळक्या नळांखाली मापी पेला धरून दिवसाला किती पाणी वाया जातं ते काढलं होतं, आणि मग चाळकऱ्यांना वॉशर बदलायला लावले. नंबर आला नाही. नळ मात्र दुरुस्त झाले. नंतर मी प्रकल्प सगळ्या वर्गाकडून करून घेऊ लागले, स्पर्धेला कोणी बसो न बसो.

फोंडेकर
गोव्यातून. आमच्या मास्तरांनी सातवीच्या सगळ्या पोरांना घुमट हे वाद्य शिकवलं, चवथीच्या आरत्यांसाठी. मातीचं भांडं, एका तोंडाला कातडं. पूर्वी घोरपडीचं असायचं, पण 1972 च्या वन्यजीव कायद्याने घोरपड मारायला बंदी आहे, त्यामुळे मास्तर बकऱ्याचं लावायचे आणि का लावतो तेही समजावायचे. 2019 साली घुमट गोव्याचं वारसा वाद्य झालं. आता गावात शामेळ, म्हणजे घुमटाच्या साथीचा ढोल, वाजवणारा मीच.

झेडपी गुरुजी
मी दोनशिक्षकी शाळेवर आहे. हॉल नाही, साहित्य नाही. आनंददायी शनिवार, म्हणजे शनिवारी दप्तराविना कृती करायचा सरकारी उपक्रम, आला तेव्हा आम्ही गावातल्याच लोकांना बोलवायला लागलो, कुंभारकाका, शिलाई मशीनवाल्या काकू, सर्पमित्र. खर्च शून्य. एक पोरगा वर्गात तोंड उघडायचा नाही, त्याचे वडील टोपल्या विणतात, ते आले त्या दिवशी बांबूची कामटी कशी काढायची ते त्यानेच सगळ्यांना दाखवलं, बोटाला न लागता कोयता कसा धरायचा ते पण. सोमवारपासून वाचनाला स्वतः पुढे यायला लागला. धागाकर्तीताई, तुमच्या शाळेच्या पालक-शिक्षक संघात हा विषय लेखी द्या, तोंडी बोललेलं विसरतात.

धागाकर्ती
गुरुजी, देते. अर्जात दोनच मागण्या लिहिते, तास परत द्या, आणि जे काही कराल ते निवड न करता सगळ्या वर्गाला द्या. अजून कोणी आपल्या शाळेत असा अर्ज करून तास परत मिळवलाय का? त्यांनी नेमकं काय लिहिलं होतं ते इथे टाका प्लीज, मला मंगळवारपर्यंत द्यायचाय.